बाहेरचे रूप आणि आतला मनुष्य

(तरुण संघ व कुटुंब-उपासना यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : १ शमुवेल १६:६-७, नीतिसूत्रे १८:१३, मत्तय ७:१५-२०, मार्क ७:१४-२३, १ करिंथ ८:१-१३

हैदराबाद-सिकंदराबादेतील आपल्या मराठी घरांतून पालकांचा एक प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. मुलगा कॉलेजात जातो. अंगात काळा सदरा, त्यावर कवटीचे चित्र. कानांत बोंडे घालून तासन्‌तास काहीतरी कर्कश ऐकत बसतो. रविवारी उपासनेला येतो खरा, पण शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद संपताच निघून जातो. आईवडील विचारतात, "हे सैतानाचे संगीत आहे असे सगळे म्हणतात. आम्ही काय करावे?"

प्रश्न हलका नाही. गप्प बसावे तर मुलगा वाट चुकेल ही भीती. आणि दरडावून सांगावे तर आज शेवटच्या बाकावर बसणारा उद्या दाराबाहेर जाईल ही भीती. दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणून या पाठात सर्वसाधारण उपदेश न करता आपण एका प्रत्यक्ष माणसाचे आणि त्याच्या एका ध्वनिमुद्रिकेचे उदाहरण घेऊ, आणि पवित्र शास्त्र आपल्याला पारख कशी करायला शिकवते ते पाहू. हे उदाहरण परदेशातले आहे, पण त्याची गाणी आज आपल्या मुलांच्या खिशातील मोबाईलवर आहेत. तेव्हा ते आपल्यापासून फार दूर नाही.

१. हा माणूस कोण?

अमेरिकेत रॉक संगीताचा 'शॉक रॉक' म्हणून एक प्रकार आहे. प्रेक्षकाला धक्का द्यायचा, त्याच्या अंगावर काटा आणायचा, हे त्याचे तंत्र. या प्रकाराचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते ॲलिस कूपर. नाव बाईचे असले तरी माणूस पुरुष आहे. आरंभी हे नाव त्यांच्या सबंध बँडचे होते. पुढे ते त्यांचे स्वतःचे झाले. मूळ नाव व्हिन्सेंट फर्निअर. जन्म ४ फेब्रुवारी १९४८, डेट्रॉइट शहरी. लहानपणीच कुटुंब ॲरिझोनातील फिनिक्स येथे राहायला गेले. वडील एका लहान ख्रिस्ती पंथाचे पाळक होते आणि आजोबाही त्याच पंथातील पुढारी. म्हणजे हा मुलगा मंडळीच्या अंगणात वाढला.

१९७० नंतरच्या काही वर्षांत या पाळकाच्या मुलाने रंगमंचावर जे केले त्याने आईबापांची झोप उडाली. डोळ्यांभोवती काळे रंगवायचे, गळ्यात जिवंत अजगर घ्यायचा, आणि खेळाच्या शेवटी स्वतःलाच फासावर द्यायचे किंवा गिलोटिनखाली, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राखाली, मान ठेवायची. ते यंत्र जेम्स रँडी या प्रसिद्ध जादूगाराने तयार केले होते. पाते मानेवर पडल्यासारखे दिसे, मान मात्र शाबूत राही. १९७२ साली 'स्कूल्स आउट' हे गाणे गाजले. १९७३ साली 'बिलियन डॉलर बेबीज' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिओ ॲब्से या खासदाराने या मंडळींना देशात येऊ देऊ नये अशी मागणी केली.

या खेळात एक गोष्ट मात्र अशी होती की टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिच्याकडे लक्ष दिले. रंगमंचावरचा खलपुरुष सुटून जात नसे. त्याच्या दुष्टपणाचा हिशेब खेळ संपण्यापूर्वी चुकता होई. मग तोच नट पांढरा पोशाख आणि उंच टोपी घालून पुन्हा येई आणि प्रेक्षकांचा निरोप घेई. पापाला शिक्षा आहे, हा साधा नीतिपाठ त्या गोंधळातही शिल्लक राहिला होता. पाळकाच्या घरातले संस्कार पुसले जायला वेळ लागतो.

२. कोंबडीची गोष्ट

१३ सप्टेंबर १९६९ रोजी कॅनडातील टोरांटो शहरी एक मोठा संगीतमेळा होता. कूपर यांचा खेळ चालू असता एक जिवंत कोंबडी रंगमंचावर आली. शहरात वाढलेल्या या गायकाला वाटले, पंख आहेत म्हणजे उडेल. म्हणून त्यांनी ती प्रेक्षकांच्या बाजूला उडवली. कोंबडी उडाली नाही. गर्दीत पडली, आणि गर्दीने तिचे तुकडे केले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून छापून आले की ॲलिस कूपरने कोंबडीचे मुंडके दातांनी तोडले आणि तिचे रक्त प्राशन केले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणारे संगीतकार फ्रँक झॅपा यांनी फोन करून खरे काय ते विचारले. आणि असे काही घडलेच नाही हे कळल्यावर सल्ला दिला की, ही गोष्ट नाकारू नकोस.

या लहानशा घटनेत कितीजणांचा दोष आहे तो पाहा. कोंबडी फेकणाऱ्याचा अविचार आहे. तुकडे करणारी गर्दी आहे. न पाहता छापणारे आहेत. आणि खोटी गोष्ट विक्रीला उपयोगी पडते म्हणून ती तशीच राहू देणारेही आहेत. नवव्या आज्ञेचा भंग केवळ बोलूनच होतो असे नाही. सोयीचे मौन पाळूनही होतो.

आता आपल्याकडे वळू. एखाद्या गायकाविषयी, एखाद्या सिनेमाविषयी, शेजारच्या मंडळीतील एखाद्या तरुणाविषयी 'असे म्हणतात' म्हणून आपण किती गोष्टी पुढे पाठवतो? पूर्वी त्या नळावर आणि बाजारात पसरत, आता मोबाईलवर पसरतात. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे आणि त्यात लाजही आहे, असे नीतिसूत्रकार अठराव्या अध्यायात बजावतो. मुलाला विरोध करायचाच असेल तर निदान तो खऱ्या गोष्टीला करावा. आपण सांगितलेली एक गोष्ट खोटी निघाली की मुलगा आपल्या बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टीही ऐकेनासा होतो.

३. पडणे आणि उठणे

रंगमंचावरची शिक्षा खोटी होती. रंगमंचाबाहेरची खरी होती. मद्याने या माणसाला पुरते धरले. १९७७ साली व्यसनमुक्तीसाठी त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या अनुभवावर १९७८ साली 'फ्रॉम द इनसाइड' ही ध्वनिमुद्रिका निघाली. पण सुटका टिकली नाही. पुन्हा मद्य आणि त्यात कोकेनची भर, असे १९८० नंतरचे आरंभीचे दिवस गेले. १९७६ साली ज्यांच्याशी लग्न झाले त्या पत्नी शेरिल या नर्तकी, आणि त्याही एका बाप्टिस्ट पाळकाच्या कन्या. १९८३ साली त्यांनी घटस्फोटासाठी अर्ज केला. घर मोडण्याच्या बेताला आले. त्याच वर्षी कूपर यांनी दारू सोडली. पुढे पतीपत्नींचा समेट झाला, दोघे पुन्हा उपासनेला जाऊ लागली, आणि ते घर आजही उभे आहे.

आपल्या विश्वासाविषयी कूपर यांनी मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते म्हणतात की आरंभी आपण प्रभूकडे वळलो ते प्रेमाने नव्हे, तर भीतीने. नरकाविषयी रोखठोक बोलणारा उपदेशक प्रत्येक रविवारी जणू आपल्याकडेच बोट दाखवून बोलत आहे असे त्यांना वाटे. प्रेम नंतर कळले. ज्याने जगाला भिववून पोट भरले तोच माणूस स्वतः खऱ्या अर्थाने भ्याला, आणि त्या भीतीनेच त्याला घरी आणले. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे हे आपण लहानपणी पाठ केलेले असते. या माणसाला ते वयाच्या पस्तिशीनंतर उमगले.

४. 'ब्रूटल प्लॅनेट'

विश्वासात स्थिर झाल्यावर कूपर यांनी काय गायले? १९९४ साली 'द लास्ट टेम्प्टेशन' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तीत स्टीव्हन नावाच्या मुलाची कथा आहे. एक खेळवाला त्याला आपल्या नाटकगृहात बोलावतो. येथेच राहा, तुला कधी मोठे व्हावे लागणार नाही असे आमिष दाखवतो. मुलगा शेवटी नाही म्हणतो. या कथेवर नील गेमन या लेखकाने चित्रकथाही लिहिली. तीत त्या मोह घालणाऱ्या खेळवाल्याला चेहरा कोणाचा दिला आहे? खुद्द ॲलिस कूपर यांचा. आपल्या जुन्या रूपाला या माणसाने सैतानाच्या जागी उभे केले, ही गोष्ट लहान नाही.

त्यानंतर २००० साली 'ब्रूटल प्लॅनेट' आली. 'क्रूर पृथ्वी' असा नावाचा अर्थ. आपला पाठ मुख्यतः या ध्वनिमुद्रिकेवर आहे. संगीत पूर्वीपेक्षा जड, काळे, कानठळ्या बसवणारे. पण शब्द ऐकले तर त्यांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो : मनुष्याने देवाला आपल्या जगातून घालवले तर मागे काय उरते?

शीर्षकगीतात पृथ्वी हे सुंदर पण पतित ठिकाण म्हणून उभे केले आहे. येथेच संदेष्ट्यांना दगडमार झाला, येथेच विश्वासणारे सिंहांपुढे टाकले गेले, येथेच त्याला वधस्तंभावर टांगले, आणि येथेच विसाव्या शतकात यहूदी लोकांसाठी भट्ट्या पेटल्या, असा सारा जमाखर्च त्यात मांडला आहे. प्रेषितांची कृत्ये, सातवा अध्याय उघडा. स्तेफनाच्या भाषणातला आरोप हाच आहे.

दुसऱ्या एका गीतात एक हिंसक तरुण स्वतःविषयी बोलतो. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी आपल्या सोबत्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर दोष कोणाचा यावर मोठा वाद झाला. सिनेमा, खेळ आणि रॉक संगीत यांकडे बोटे दाखवली गेली. या गीतातला तरुण ती सबब स्वतःच काढून घेतो. खेळ नव्हे, सिनेमा नव्हे, संगीत नव्हे; मीच दुष्ट आहे, असे तो म्हणतो. कोणी म्हणेल, गायकाने आपल्या धंद्याची सुटका करून घेतली. तसे म्हणायला जागा आहे. परंतु मार्क सातव्या अध्यायात आपल्या प्रभूने काय शिकवले? बाहेरून आत जाणारे मनुष्याला विटाळत नाही. अंतःकरणातून निघणारे विटाळते. हा उपदेश परूश्यांना रुचला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही तो अवघड वाटतो. दोष मोबाईलचा आहे असे म्हणणे सोपे. अंतःकरणाचा आहे असे म्हणणे कठीण, कारण अंतःकरण आपल्यालाही आहे.

तिसऱ्या गीतात एक मनुष्य युद्धानंतर आपल्या घरच्यांची हाडे गोळा करीत फिरतो. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातही हाडांचे खोरे आहे. फरक एवढाच की तेथे देवाचा श्वास येतो आणि हाडे उठून उभी राहतात. या गीतात कोणी येत नाही. देवाविना जग म्हणजे ज्यात हाडे हाडेच राहतात असे खोरे.

आणखी एका गीतात खाण्याचे डोंगर आहेत. पोट भरलेले असतानाही खा, आणखी खा, असा आग्रह आहे, आणि अन्न सडत आहे. हे चित्र पाहायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. आपल्या शहरातील कोणत्याही फंक्शन हॉलमागे लग्नाच्या रात्री उभे राहावे. बिर्याणीने अर्धी भरलेली ताटे रित्या होणाऱ्या पिंपांत पडतात आणि भिंतीपलीकडे कोणीतरी वाट पाहत असते. आमोस संदेष्टा सहाव्या अध्यायात हस्तिदंती पलंगावर लोळणाऱ्यांना जे बोलला ते आपल्या मंडळीतल्या लग्नांनाही लागू आहे.

या ध्वनिमुद्रिकेबरोबर दौराही झाला. रंगमंचावर उद्ध्वस्त जगाचा देखावा, जुने भीतीदायक साहित्य, आणि तेच गिलोटिन. जुलै २००० मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ येथे झालेल्या प्रयोगाचे चित्रीकरण 'ब्रूटली लाइव्ह' या नावाने निघाले. पुढच्याच वर्षी, २००१ साली, 'ड्रॅगनटाउन' या ध्वनिमुद्रिकेत याच विषयाचा दुसरा भाग आला. तीत एका सभ्य गृहस्थाचे गीत आहे. त्याने आपले आयुष्य चांगुलपणाने घालवले असे त्याला वाटते, आणि शेवटी तो नरकात जागा होतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मंदिरात उभे राहून स्वतःची स्तुती करणारा लूक अठराव्या अध्यायातील परूशी येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

५. धंदा सोडावा का?

येथे पुष्कळांच्या मनात प्रश्न येईल : हा मनुष्य खरोखर पालटला असेल तर साप आणि गिलोटिन अजून कशाला?

हा प्रश्न कूपर यांनाही पडला होता. हे सारे सोडून द्यावे का, असे त्यांनी आपल्या पाळकाला विचारले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाळकाचे उत्तर असे होते की, देवाने तुला पलिष्ट्यांच्या छावणीत ठेवले आहे. तेथे ख्रिस्ताचा म्हणून जगता येते का ते पाहा.

हे उत्तर शास्त्राला धरून आहे का? दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. लूक तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावे? योहान त्यांना नोकरी सोडा असे सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, जुलूम करू नका, असे सांगतो. उलट प्रेषितांची कृत्ये एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील जादूटोणा करणारे आपली पुस्तके आणून सर्वांसमोर जाळतात. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरते. म्हणजे काही गोष्टी शुद्ध करून ठेवायच्या असतात आणि काही जाळायच्या असतात. कोणती कशात मोडते हे रूपावरून ठरत नाही. ती गोष्ट मनुष्याला कोणाच्या ताब्यात देते यावरून ठरते. कूपर यांच्या बाबतीत बाटली ही जाळण्याची वस्तू होती, आणि ती त्यांनी सोडली. टोपी आणि गिलोटिन ही नटाची सामग्री होती. ती त्यांनी ठेवली.

नट आणि त्याची भूमिका यांतला फरक आपल्याला नवा नाही. नाताळच्या नाटकात कोणाला तरी हेरोद व्हावे लागते, आणि चांगला हेरोद मिळाला नाही तर नाटक पडते. १९७० नंतरच्या दशकात मुंबईत अलिक पदमसी यांनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक रंगमंचावर आणले. त्यात यहूदाची भूमिका नंदू भेंडे या मराठी गायकाने केली आणि तिनेच त्यांचे नाव झाले. यहूदा रंगवणारा विश्वासघातकी होत नाही. आपल्या हैदराबादेत आषाढात बोनालूच्या मिरवणुकीत हळदीने माखलेला, चाबूक फिरवणारा पोतराजू पाहून लहान मुले आईच्या पदरामागे लपतात. पण गल्लीतील मोठ्यांना ठाऊक असते की रंगाखाली आपल्याच ओळखीचा माणूस आहे. नामपल्लीच्या नुमाइशीत मौत का कुआँ पाहायला लोक तिकीट काढून जातात. भिऊन घेण्याची हौस मनुष्याला सर्वत्र आहे. प्रश्न एवढाच की भिववणारा त्याला कोठे नेऊन सोडतो.

धक्का देणे हेच पाप असते तर संदेष्ट्यांचे काय करायचे? यशया तीन वर्षे उघडा आणि अनवाणी फिरला. यिर्मयाने मानेवर जू घेतले. यहेज्केलाने आपले केस तलवारीने कापून त्यांचे तीन वाटे केले. भर रस्त्यात केलेल्या या कृती पाहून सभ्य कुटुंबांनी मुलांचे डोळे झाकले असतील. कूपर संदेष्टे आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. संदेष्ट्याला देव पाठवतो, गायकाला तिकिटे खपवावी लागतात. पण धक्क्याचे रूप पाहूनच निकाल देता येत नाही, एवढे यावरून निश्चित ठरते.

६. आपल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव

हा प्रश्न आपल्या मराठी मंडळीलाही पूर्वी पडून गेला आहे. टाळ, मृदंग, अभंगाची चाल, हरिदासाचा उभे राहून कथा सांगण्याचा थाट, हे सारे ज्या परंपरेतून आले ती सोडून आपले पूर्वज ख्रिस्ताकडे आले होते. मग तेच वाद्य उपासनेत आणावे काय? अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाला आपल्या मंडळीत मानाचे स्थान दिले. आज त्यांची गीते गाताना कोणाच्या मनात शंका येत नाही. ज्या स्वरांविषयी एका पिढीने विचार केला की हे आपले होऊ शकतील काय, तेच पुढच्या पिढीचे भक्तिधन झाले.

याचा अर्थ कर्कश गिटार उद्या वेदीजवळ आणावी असा नाही. अर्थ इतकाच की वाद्याला बाप्तिस्मा नसतो, वाजवणाऱ्याला असतो.

७. दुर्बळ भावाचे काय?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्याला शब्द कळतात त्याला 'ब्रूटल प्लॅनेट'मध्ये इशारा ऐकू येईल. परंतु ज्याला शब्द कळत नाहीत, ज्याला केवळ पाते, रक्त आणि गोंगाट दिसतो, त्याच्या हाती काय लागेल? शिवाय या कलावंताची जुनी गाणीही त्याच रंगमंचावर होतात, आणि ती सर्वच घरात लावण्याजोगी नाहीत. मुले ध्वनिमुद्रिका क्रमाने ऐकत नाहीत. मोबाईल जे पुढे करील ते ऐकतात.

पौलाने करिंथच्या मंडळीला नैवेद्याच्या मांसाविषयी लिहिले तेव्हा तेथेही दोन पक्ष होते. ज्ञान असलेले म्हणत, मूर्ती काहीच नाही, मांस खाल्ले तर काय झाले? पौल त्यांचे ज्ञान खोटे ठरवत नाही. तो विचारतो, तुझ्या ज्ञानामुळे दुर्बळ भाऊ पडला तर? घरात आठ वर्षांची धाकटी बहीण रात्री भिऊन उठत असेल तर मोठ्या भावाने ते चित्र भिंतीवरून काढावे. ते पाप आहे म्हणून नव्हे, बहीण आहे म्हणून. हे तरुणांनी ऐकावे. आणि वडीलधाऱ्यांनी हेही ऐकावे की दुर्बळ भावाच्या नावाखाली आपली नावड दुसऱ्यावर लादणे हा पौलाचा हेतू नव्हता.

तसेच, कूपर ख्रिस्ती आहेत हे कळताच त्यांना 'आपला माणूस' म्हणून डोक्यावर घेण्याचीही घाई नको. नावाजलेल्या माणसाची साक्ष ही शास्त्राच्या जागी येत नाही. प्रभूने फळांवरून झाड ओळखायला सांगितले. फळ दिसायला हंगाम जावा लागतो. या झाडाची काही फळे आता दिसतात : १९८३ पासून टिकलेला दारूचा त्याग, मोडता मोडता वाचलेले घर, आणि १९९५ साली फिनिक्स येथे सुरू केलेली 'सॉलिड रॉक' ही संस्था. या संस्थेचे तरुणांसाठीचे केंद्र २०१२ साली उघडले. तेथे मुलामुलींना संगीत, नृत्य आणि कला मोफत शिकवतात, म्हणजे रस्त्यावरच्या टोळ्या आणि व्यसने यांपासून दूर राहायला त्यांना एक जागा मिळते. गाणेही थांबलेले नाही. २०२३ साली 'रोड' आणि २०२५ साली आपल्या तरुणपणच्या जुन्या सोबत्यांना पुन्हा जमवून केलेली ध्वनिमुद्रिका निघाली. पंचाहत्तरी उलटली तरी टोपी आणि गिलोटिन घेऊन दौरे चालू राहिले.

८. घरी काय करावे?

शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरल्या मुलाची उंची पाहून त्याला वाटले, हाच अभिषिक्त. परमेश्वराने त्याला थांबवले. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. हे वचन आपण बहुधा रूपाने साध्या माणसाची बाजू घेण्यासाठी वापरतो. ते काळ्या सदऱ्यातील मुलालाही लागू आहे.

तेव्हा पालकहो, एक संध्याकाळ काढा. मुलाजवळ बसा आणि म्हणा, "तुला आवडणारे एक गाणे मला ऐकव, आणि त्याचा अर्थ सांग." मध्ये बोलू नका. गाणे संपल्यावर दोनच प्रश्न विचारा : यातला माणूस कशाला भितो? आणि त्याला कशाची आशा आहे? उत्तरातून मुलाचे मन जितके कळेल तितके खोली झडून कळणार नाही. कदाचित गाणे खरोखरच घाणेरडे निघेल. मग तसे स्पष्ट सांगा. ऐकून घेतल्यावर सांगण्याचा अधिकार तुम्हाला आलेला असेल.

पाळक व वडील मंडळींनीही पाहावे की शेवटच्या बाकावर कोण बसते. गिटार वाजवता येणारा मुलगा केस लांब आहेत म्हणून गायकवर्गातून दूर केला गेला, असे आपल्या शहरात घडलेले आम्ही पाहिले आहे. केस वाढतात आणि कापताही येतात. मंडळीतून गेलेला मुलगा परत आणणे त्याहून कठीण असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. एखाद्या कलावंताविषयी वा शेजाऱ्याविषयी खात्री न करता आपण काय काय ऐकले व पुढे सांगितले? नवव्या आज्ञेच्या प्रकाशात विचार करा.

२. लूक ३:१०-१४ आणि प्रेषितांची कृत्ये १९:१८-१९ शेजारी ठेवून वाचा. आपल्या स्वतःच्या जीवनात शुद्ध करून ठेवण्याची गोष्ट कोणती आणि जाळण्याची कोणती?

३. मार्क ७:१४-२३ या वचनांचा आधार घेऊन 'संगीताने मुले बिघडतात' या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.

४. १ करिंथ ८ मधील दुर्बळ भाऊ आपल्या घरात कोण? त्याच्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत?

५. देवाचे भय आणि देवाचे प्रेम यांपैकी आपल्याला प्रथम कशाने ओढले?

प्रार्थना

हे प्रभू, तू अंतःकरणे पारखणारा आहेस. आम्हाला बोलण्यापूर्वी ऐकण्याची बुद्धी दे. जे जाळायचे ते जाळण्याचे धैर्य दे, आणि जे राखायचे ते राखण्याची शांती दे. आमच्या घरातील तरुणांना तुझ्या घराचे दार नेहमी उघडे दिसो. येशूच्या नावात मागतो. आमेन.